श्यामकांतचे चाळीस जीबी

"माणसांना धड पंखा नाही, आणि या कपाटाला एशी!"

राजाबाई हे दाराशी उभं राहून पुटपुटायच्या, पण अशा बेतानं की आतल्या माणसाला शब्द न् शब्द ऐकू यावा. एका हातात चहाची किटली, दुसऱ्या हाताच्या बोटांत अडकवलेले पाच-सहा ग्लास. मग त्या आत यायच्या, सर्व्हरच्या कपाटाकडे पाठ करून यशोधरेला चहा द्यायच्या आणि जाताना पदर खांद्याभोवती घट्ट ओढून घ्यायच्या. आपण हिमालयात जाऊन आलो, हे बाहेरच्यांना कळायला नको का?

खोली आठ बाय सहाची. अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या या रबरी ऑइल सीलच्या कारखान्यात ती पूर्वी स्टोअरची अडगळ ठेवायला होती. भिंतींना अजून रबराचा वास होता, तो एसीनं जरा थंड झाला होता इतकंच. त्या खोलीत ते काळं कपाट घुं-घुं करत उभं असायचं, आणि त्याच्यासमोर खुर्ची टाकून यशोधरा.

यशोधरा या कारखान्यात टायपिस्ट म्हणून लागली तेव्हा तेवीस वर्षांची होती. आता त्रेचाळीसची. मधल्या काळात टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले, कॉम्प्युटर बिघडायला लागले, आणि दुरुस्तीवाला फोन उचलेना तेव्हा हिनंच स्क्रू काढून आत डोकं घातलं. उल्हासनगर कॅम्प दोनच्या रद्दीवाल्याकडून जाडजाड इंग्रजी पुस्तकं किलोवर आणली आणि डिक्शनरी शेजारी ठेवून वाचली. कुठली डिग्री नाही, डिप्लोमा नाही. यज्ञेशसाहेब, म्हणजे मॅनेजर, बाहेरच्या पाहुण्यांना तिची ओळख करून देताना "या आमच्या कॉम्प्युटरच्या ताई" एवढंच म्हणायचे. हुद्द्याचं नाव त्यांना सापडत नसे.

ऑफिसातले कॉम्प्युटर एकदम म्हातारे झाले, तेव्हा सगळे नवे घेण्याऐवजी एकच मोठा सर्व्हर घ्यावा, ही कल्पना तिची. कॅम्प दोनच्या टेकचंदशेठनं जुना पण दणकट सर्व्हर आणून दिला. त्याच्या पोटात तिनं प्रत्येकासाठी एकेक मशीन बसवलं. हाताला लागणार नाही असं, पण काम मात्र खऱ्यासारखं करणारं. प्रत्येकाला चाळीस जीबी जागा.

"चौदा जणांना चाळीस-चाळीस म्हणजे पाचशे साठ," साहेब म्हणाले होते. हिशेबात ते पक्के. "आणि डिस्क तर दोनशे सत्तरची."

"सर, चाळीस म्हणजे चाळीसपर्यंत जायची मुभा. जागा आधी कापून देत नाही आपण. जो जेवढं लिहील, तेवढीच त्या क्षणी लागते. न लिहिलेली जागा नुसती कागदावर."

साहेबांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. कोपऱ्यात कपबश्या उचलत असलेल्या राजाबाईच म्हणाल्या, "म्हणजे माझ्या कॅन्टीनसारखं. कुपनं साठ, जेवण रांधते चाळिसांचं. कुणी डबा आणतं, कुणाचा उपास, कुणी भांडून येतं. साठच्या साठ एका दिवशी आले तर मग मात्र मी बाई पळून जाईन."

"अगदी तसंच," यशोधरा म्हणाली. साहेबांनी मान डोलावली. "पण साठच्या साठ आले, तर?"

"नाही येणार, सर. मी रोज बघेन."

"बघा. बंद पडलं तर मी बाहेरून डिग्रीवाला माणूस आणीन. मग मला काही सांगू नका." हे त्यांनी हसत सांगितलं होतं. यशोधरेला ते हसू नीट लक्षात राहिलं होतं.

आता माणसं खरी तेरा. चौदावं नाव आलं ते हजेरीपटामुळे. यशोधरेनं यादी हजेरीपटावरून केली, आणि हजेरीपट प्राचीकडे.

प्राची कर्मचारी विभागात. बारीक अक्षर, बारीक आवाज, डोळ्यांत चटकन पाणी. तिच्या हजेरीपटात तेरा जणांच्या पुढं निळ्या शाईच्या खुणा होत्या आणि चौदाव्या नावापुढं रोज, तीन वर्षं, पेन्सिलीनं काढलेला एक 'र'. र म्हणजे रजा.

ते नाव श्यामकांतचं. स्टोअरकीपर, वय चव्वेचाळीस, लग्न नाही, बदलापूरला आईबरोबर राहायचा. दोन हजार पाचच्या जुलैमध्ये उल्हास नदी बदलापुरात शिरली, त्या दुपारी तो आईला बघतो म्हणून इथून निघाला. आई शेजाऱ्यांच्या गच्चीवर सुखरूप होती. श्यामकांत अजून आला नव्हता.

कारखान्यात हे वाक्य असंच म्हणत. "अजून आलेले नाहीत." पहिल्या आठवड्यात ते खरंच होतं. पुढं ते बदलायचं कुणी, हा प्रश्न आला, आणि ज्यानं त्यानं तो दुसऱ्याच्या टेबलावर सरकवला. त्याच्या खुर्चीवर कुणी बसत नसे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी त्याची आई यायची, सगळे तिला माई म्हणत. कापडी पिशवी पोटाशी धरून ती त्या खुर्चीत दहा मिनिटं बसायची. गेटवरचा महिपती तिला म्हणायचा, "येतील हो, माई." माई म्हणायची, "हो बाबा."

तर अशी चौदा मशीनं. चौदावं यशोधरेनं बनवलं, नाव घातलं आणि कधी चालूच केलं नाही. चाळीस जीबीची मुभा, वापर शून्य. वर्षभर शून्य.

सप्टेंबर दोन हजार आठमधल्या एका सोमवारी तिथं चार एमबी दिसले.

यशोधरेनं चष्मा पुसला. चार एमबी म्हणजे काहीच नाही. एखादा फोटो. मंगळवारी मात्र एक जीबी झाले, बुधवारी तीन, आणि मग रोज दोन-दोननं वाढ सुरू झाली, कुणी रतीब लावल्यासारखी. मशीन बंद होतं. बंद मशीन लिहितं कसं? तिनं एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत, सगळ्यांना सांगून, सर्व्हरची नेटवर्कची वायरच उपसून काढली. बाहेरून कुणी घुसत असेल तर कळेल. आकडा गप्प बसला. ती मनातल्या मनात खूश झाली.

एक वाजता भोंगा झाला, आणि वायर तिच्या हातात असतानाच आकडा पुन्हा चालू लागला.

त्या दिवसापासून तिनं एक वही केली. दर दहा मिनिटांनी आकडा. चार दिवसांनी वही वाचली आणि ती बंद करून वर पाण्याची बाटली ठेवली. सकाळी साडेआठला सुरू. दहाला दहा मिनिटं बंद. साडेबाराला बंद, एकला चालू. तीनला चहाचा खंड. पाचला बंद. शुक्रवारी, एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी म्हणून, दिवसभर काही नाही.

तिनं ही वही कुणाला दाखवायची नाही असं ठरवलं होतं. पण प्राची आत आली, तिनं ती उघडली, आणि तिचे डोळे भरले.

"बाई गं. अगदी वेळच्या वेळी. किती नेमस्त होता— आहे तो."

"प्राची, हे मशीन आहे."

"हो, मशीनच," प्राची म्हणाली, आणि जाताना तिनं त्या काळ्या कपाटाकडे बघून, नवीन आलेल्या साहेबाला करतात तशी, हलकी मान लववली.

ही गोष्ट पसरायला चहाची एक फेरी लागली. डिस्पॅचवाले खोलीसमोरून जाताना हळू बोलायला लागले. महिपतीनं विचारलं, उदबत्ती लावलेली चालेल का? यशोधरा म्हणाली, आगीचा अलार्म वाजेल. पण कुणीही "कोण?" असं विचारलं नाही, आणि कुणी नावही घेतलं नाही. "आज आलेत का?" "आलेत." बस, एवढंच. राजाबाई मात्र दोन दिवस सर्व्हरकडे पाठ न करता चहा देत होत्या.

टेकचंदशेठला बोलावलं. तो पान खात, पोटावरचा बेल्ट सावरत आला, आणि तिच्याच खुर्चीत बसून त्यानं चौदाव्या डिस्कच्या आत काय लिहिलंय ते उघडून बघितलं. पडदाभर शून्यं. खाली सरकवलं, आणखी शून्यं. त्यानं अर्धा तास शून्यं बघितली.

"दीदी, ये तो सब झिरो है."

"मग जागा का खातंय?"

"वोही तो. खाली जगह भी झिरो दिखती है, पर वो जगह लेती नहीं. ये वाला झिरो किसीने लिखा है. बैठके. एक-एक करके." त्यानं पान गालात सरकवलं. "साईं, साडेआठ ते पाच बसून कोण 'कुछ नहीं' लिखेगा?"

तसे आपल्याकडे चौघं आहेत, असं यशोधरेच्या जिभेवर आलं होतं, पण तिनं ते गिळलं. हसू मात्र आलं, आणि त्या थंड खोलीत एकटीचं हसू तिला नको वाटलं.

"काढून टाका ना," टेकचंद म्हणाला.

"काढता येत नाही. वापरात आहे म्हणतं. माणसाचं खातं बंद केलं की सुटेल. ते बंद करायला नोकरी सोडल्याची तारीख लागते, आणि तो प्रोग्राम मीच लिहिलाय." हे सांगताना तिला स्वतःचाच राग आला. कुणी परस्पर कुणाला काढू नये म्हणून तिनं ती तारखेची चौकट सक्तीची केली होती. "आणखी एक डिस्क लावू या?"

"ये मॉडल का पार्ट अगले महिने. पहले नहीं."

महिनाअखेर तोंडावर आली होती. दोनशे सत्तरपैकी तेरा जणांनी दोनशे बत्तीस आधीच भरले होते. उरलेले अडतीस चौदावा खात होता. जागा संपली की तो एकटा थांबणार नव्हता. लिहायला जागा नाही म्हटल्यावर चौदाच्या चौदा मशीनं जिथल्या तिथं गोठणार. आणि एक ऑक्टोबरला पुण्याहून मोठ्या गिऱ्हाइकाची माणसं तपासणीला येणार होती, त्यांना तीन वर्षांचे कागद याच मशीनांवरून काढून दाखवायचे होते. यशोधरेनं भागाकार केला. सोमवारी, एकोणतीस तारखेला, दुपारच्या चहाच्या आधी.

खोटी तारीख टाकली की काम झालं. तिनं तीनदा बोटं कीबोर्डवर ठेवली. कुठली टाकायची? नोकरी सोडल्याचं कारण म्हणून चार पर्याय होते: राजीनामा, निवृत्ती, बडतर्फ, आणि चौथा. चौथ्यावर टिचकी मारताना माईचा "हो बाबा" ऐकू यायचा. तिनं हात मांडीवर घेतले.

यशोधरा आणि प्राचीनं जाऊन साहेबांना सांगितलं. साहेबांनी पुण्याच्या गाडीची वेळ बघितली. मग म्हणाले, "तुम्ही दोघी बायका आहात. हळुवारपणे हाताळा." आणि पुण्याला निघून गेले.

शनिवारी यशोधरेनं आणखी एक गोष्ट केली. प्रत्येक डिस्कचा नकाशा पडद्यावर दिसावा म्हणून तिनं छोटासा प्रोग्राम लिहिला. एक चौकोन म्हणजे थोडीशी जागा, भरलेली काळी, रिकामी पांढरी. तेरा नकाशे जसे असायला हवे तसेच होते. इथं मूठभर, तिथं मूठभर, अंगणात दाणे टाकल्यासारखे.

चौदावा तसा नव्हता.

तो खालून भरला होता. तळाच्या ओळीपासून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका पातळीत. मधे एकही पांढरा चौकोन नाही. ती बघत असताना वरची ओळ भरली, आणि मग तिच्या वरची भरू लागली, सगळीकडून सारखीच.

राजाबाई चहा घेऊन आल्या. पुटपुटल्या नाहीत. त्या बदलापूरच्या, नदीकाठच्या आळीतल्या. पडद्याकडे त्या बघत राहिल्या. मग नकळत, डाव्या हातानं, त्यांनी साडी घोट्याच्या वर उचलून धरली.

यशोधरेनं खाली बघितलं. फरशी कोरडी होती.

"राजाबाई?"

"काही नाही," राजाबाई म्हणाल्या. "चहा घ्या. निवतोय."

संध्याकाळी प्राचीनं शेजाऱ्यांच्या फोनवर माईला निरोप ठेवला. सोमवारी सकाळी जरा लवकर याल का, एक सही हवी आहे.

"सांगणार तू," यशोधरा म्हणाली.

"मी? तुम्ही सांगा ना, ताई. तुम्ही मोठ्या."

"मी मशीनची माणूस. माणसांची तू."

"मी सुरुवात करीन, पण पुढचं तुम्ही बोला."

"आणि सुरुवात काय करशील?"

प्राचीनं विचार केला. "माई, चहा घेणार का?"

सोमवारी सव्वाआठला माई आली. पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, पोटाशी तीच कापडी पिशवी. तिला स्टोअरमध्ये न नेता या खोलीत आणलं, यशोधरेच्या खुर्चीत बसवलं. प्राचीच्या हातात फॉर्म होता. दारात राजाबाई किटली घेऊन उभ्या होत्या, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

"माई, चहा घेणार का?" प्राची म्हणाली, आणि यशोधरेकडे बघू लागली.

"घेईन की," माई म्हणाली. "इथं गार आहे फार."

पडद्यावर नकाशा होता. वरच्या कडेला पांढऱ्याच्या दोन-तीन ओळी उरल्या होत्या. शिल्लक जागा: एक पूर्णांक तीन जीबी. यशोधरेनं घसा साफ केला. "माई, त्याचं असं आहे, की या मशीनमध्ये प्रत्येकाला थोडी थोडी जागा दिलेली असते. तशी ती आपल्या, म्हणजे, जे अजून आलेले नाहीत, त्यांनाही..."

साडेआठचा भोंगा झाला.

आकडा हलला.

तळापासून चढत आलेल्या काळ्यावर आणखी एक ओळ भरू लागली, सगळीकडून सारखी.

"आलेत," राजाबाई हळूच म्हणाल्या.

"कोण आलंय?" माईनं विचारलं.

कपाट घुं-घुं करत होतं. राजाबाईंनी किटली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"माई," प्राची म्हणाली. "रोज येतो. साडेआठला. जेवणाच्या सुट्टीत थांबतो. आम्हाला वाटतं, आपला श्यामकांतच..."

माईनं पडद्याकडे बघितलं. मग तिनं पिशवी मांडीवर घेतली, आतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, घड्यांवर झिजलेला एक कागद काढला आणि फॉर्मवर ठेवला.

"चौथ्या दिवशी दिरानं मला ओळख पटवायला नेलं होतं," ती म्हणाली. "बनियनला खांद्याशी मीच ठिगळ लावलेलं होतं. तिथूनच सगळं करून आलो. हा कागद द्यायलाच आले होते मी पहिल्यांदा. गेटवर तुमचा महिपती म्हणाला, माई, घाबरू नका, श्यामकांतसाहेबांच्या खुर्चीवर आम्ही कुणाला बसू देत नाही. या पोरीनं माझा हात धरला. राजाबाईनं चहा दिला. तुम्ही सगळी इतकी वाट बघत होतात. म्हटलं, कशाला यांचं मन मोडा. पुढच्या महिन्यात सांगू."

प्राचीनं तोंडावर हात ठेवला.

शिल्लक: एक पूर्णांक दोन.

यशोधरेनं कागद उलगडला. मृत्यूची तारीख सव्वीस जुलै. तिनं चौकटीत ती भरली. चौथ्या पर्यायावर टिचकी मारली. खातं बंद झालं. मग तिनं डिस्क काढायला सांगितली.

पडद्यावर उत्तर आलं. वापरात आहे.

पुन्हा.

वापरात आहे.

"मोकळी झाली का जागा?" माईनं विचारलं.

यशोधरेनं नाही म्हणून मान हलवली. वरची एक ओळ भरून गेली होती. राजाबाईंनी साडी उचलली होती, आणि आता प्राचीनंही.

माईनं वाकून पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाचे आकडे बघितले. आठ एकेचाळीस.

"माझा श्यामकांत मेला, बाई," ती म्हणाली. "आणि जिवंतपणी तो साडेआठला इथं कधीच आला नाही. त्याला रोज उशीर व्हायचा. हे दुसरंच कुणीतरी आहे."